उशीचं वजन

४ फेब्रुवारी

आत्या,

तू बरी आहेस असं धरून चालते. मी बरी आहे. उशी बरी नाही, म्हणून लिहायला बसले.

वहिनी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, तेव्हा आधी तुमची माफी मागते. माझं अक्षर बारीक आहे. वाचताना आत्याच्या उजव्या बाजूला बसा. डाव्या कानाने तिला कमी येतं आणि ती ते कधी कबूल करणार नाही. मध्येमध्ये ती 'पुढे वाच, पुढे वाच' म्हणेल. तरी काही गाळू नका.

आत्या, उशीचं वजन पुन्हा वाढलं. डॉक्टरांच्या काट्यावर ती चौतीस किलोच्या वर गेली, आणि मागचा उजवा पाय आता उचलून टाकते. तुला आठवतं, ती पिल्लू असताना तूच तिचं नाव ठेवलंस. मालकीणबाईंनी कागदावर लांबलचक इंग्रजी नाव लिहिलं होतं, ते तुझ्या तोंडात बसेना. तू तिला उचललंस, गालाला लावलंस आणि म्हणालीस, "ही तर उशी आहे गं." तेव्हा ते शोभत होतं. पाच वर्षांची, रिंगमध्ये धावायची कुत्री उशीसारखी दिसायला लागली, की परीक्षक हात लावून बाजूला करतात. मागच्या शोला तेच झालं.

वहिनी, तुम्हाला कळावं म्हणून सांगते. मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताचं बोट मुठीच्या गाठींवरून फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर ते वाळलेलं. आता तळहातावरून फिरवा. अशा लागल्या तर जास्त भरलेलं. आता हात सरळ पसरा, पालथा करा आणि हाताच्या पाठीवरून बोट फिरवा. हाडं लागतात, पण टोचत नाहीत. तसं हवं. उशीचं सध्या तळहातासारखंही नाही. गादीसारखं आहे.

डॉक्टर म्हणाले, एवढं ओझं घेऊन तो पाय टिकणार नाही. मालकीणबाई माझ्यासमोरच फोनवर कोणाला तरी म्हणाल्या, "एप्रिलच्या शोआधी डॉक्टरांनी हो म्हटलं तर ठीक, नाहीतर देऊन टाकते. गोदामवाल्याला राखणीला कुत्रं हवंच आहे." तू गोदामवाला पाहिला आहेस. त्याच्या फाटकातली साखळीही पाहिली आहेस.

मी उशीचं खाणं रोज तराजूवर मोजून देते. पाव हिस्सा कमी केलं, मग आणखी थोडं. तरी काटा चढतोच. अन्न हवेतून येत नाही. कोणीतरी तिला खायला घालतं. या घरातल्या सगळ्या चोरवाटा तुला माहीत आहेत. (चोरवाटा हा शब्द वाईट वाटला तर वहिनी, तिथे 'वाटा' वाचा.) कोण घालत असेल? एवढंच सांग.

शिकून परत आल्यावर मी तराजू आणला त्या दिवसाबद्दल मला काही लिहायचं नाही. तराजू बरोबर होता, असं मी अजूनही म्हणते. ज्याने कुत्र्यांना मोजून वाढायचीस ते ओगराळं तू धुतलंस, पुसलंस, माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "घे बाई, तुझं राज्य." मग आठवड्याच्या आत दादाकडे राहायला गेलीस. सगळ्यांना सांगितलंस, लेकाकडे राहायचं वय झालं. ओगराळं त्याच खिळ्याला आहे. मी ते वापरत नाही, पण काढलंही नाही.

तुझी,
काडी

(वहिनी, काडी म्हणजे मी. हसू नका. लहानपणी मी तशीच होते.)


१९ फेब्रुवारी

आत्या,

तुझं उत्तर आलं नाही. वहिनींचं कार्ड आलं. त्या लिहितात, तू पत्र दोनदा वाचायला लावलंस आणि मग भांडी घासायला उठलीस, आणि भांडी घासलेलीच होती. म्हणजे तुला माहीत आहे. तुला माहीत नसतं तर तू चार शिव्या घालून मोकळी झाली असतीस.

ठीक आहे. मी आपली शोधते.

आधी स्वयंपाकीणबाईंना विचारलं. चूक केली. त्या कणीक मळत होत्या, हात तसाच वर धरून माझ्यावर धावून आल्या. "माझ्यावर आळ घेतेस? अगं, तुझं ताट बघ आधी! एवढी शिकलीस, पदविका घेतलीस, आणि पावाच्या कडा अजून ताटात टाकून उठतेस. त्या कोण उचलतं? मी. त्या मी पाखरांना घालते, कुत्र्यांना नाही." पाखरांचं वजन कोणी केलं आहे का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. नाही विचारलं. मला जेवायचं होतं.

माळीकाकांनी कानांवर हात ठेवले. मालकीणबाईंना मी कसं विचारणार? तरी आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "मी तिला हात तरी लावते का?" हे मात्र खरं आहे.

मग आपले मिरवणूकमामा. वहिनी, हे कुत्री फिरवणारे वयस्कर गृहस्थ. पूर्वी ते सहा कुत्री एकदम न्यायचे आणि सगळा रस्ता बघत राहायचा, म्हणून आत्याने हे नाव ठेवलं. आता त्यांना सहा झेपत नाहीत. बाकीची कुत्री सकाळी माळीकाका मैदानावर नेतात आणि संध्याकाळी मामा एकट्या उशीला मागच्या गल्लीतून हिंडवून आणतात. मी त्यांना विचारलं, "मामा, तुम्ही तिला काही खायला घालता का?" ते देवाशप्पथ नाही म्हणाले. मला खरं वाटलं. त्यांच्या खिशात कधी स्वतःपुरतीही सुपारी नसते.

म्हणून आता मी बसते तर दाण्यांच्या खोलीतच, कुत्र्यांच्या पोत्यांजवळ बसते. डोळ्यांत तेल घालून. तिथे बसलं की मात्र लक्ष दुसरीकडेच जातं, हा त्या खोलीचा दोष.

ती खोली तू होतीस तशीच आहे. खिडकीची एक काच अजून पुठ्ठ्याची. पोती भिंतीपासून वीतभर लांब, ओल लागू नये म्हणून. शाळेतून आले की मी तिसऱ्या पोत्यावर चढून बसायचे, कारण तेच अर्धं रिकामं असायचं आणि त्यात खड्डा पडायचा. तू कुत्र्यांचं शिजवत असायचीस. वाफेने तुझा चेहरा दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा, "आज काय शिकवलं?" मी सांगायचे. तुला काही कळायचं नाही आणि तू म्हणायचीस, "हं, मग?" त्या 'मग'पायी मी शिकले, असं मला कधीकधी वाटतं. मग तू पदराखालून कागदाचा पुडा काढायचीस. पाव असायचा, मऊ पांढरा. कधी अंडं असायचं, तेव्हा तू तळहातावर मीठ घ्यायचीस आणि मी अंडं तुझ्या हातातच बुडवून खायचे. तुझ्या हाताला कुत्र्यांच्या साबणाचा वास यायचा. अंड्याची चव म्हणजे ती, असंच मला कितीतरी दिवस वाटत होतं.

आणि शोच्या आधीची ती तालीम! मालकीणबाईंची टाकून दिलेली टोपी डोक्यावर चढवून तू परीक्षक व्हायचीस. व्हरांड्यात कुत्री ओळीने उभी, बाबा दोऱ्या धरून, आणि शेवटी मी, चार पायांवर. आई मला आठवत नाही, पण ती ओळ आठवते. तू एकेकाचे दात बघायचीस, शेपटी बघायचीस, बरगड्यांवरून हात फिरवायचीस. "ही भरली. हा ठीक. ह्याला उद्यापासून पळवा." माझ्यापाशी आलीस की मी दात दाखवायचे. बाबा विचारायचे, "हिला कितवा नंबर, परीक्षकबाई?" तू म्हणायचीस, "ही पहिली, पण अजून भरायला हवी." बाबा गेले त्या वर्षी दोऱ्या धरायला दुसरा माणूस आला आणि ही तालीम बंद झाली. पण एकदा कपडे बदलताना तू माझ्या बरगड्यांवरून तसाच हात फिरवलास. मी लगेच दात दाखवले. तू हसली नाहीस. मला वाटलं, मी काहीतरी चुकले.

वहिनी, एवढं सगळं वाचायला लावल्याबद्दल राग मानू नका. लिहायचं होतं ते एकच. वजन अजून वाढलेलंच आहे.

काडी


६ मार्च

आत्या,

सापडलं. कोण घालतं ते सापडलं. सगळं नीट क्रमाने लिहिते, नाहीतर माझ्याकडून काहीतरी सुटेल.

परवा मिरवणूकमामांचा पाय मुरगळला, म्हणून संध्याकाळी उशीला घेऊन मीच निघाले. मागच्या दाराने मी कधी गेलेच नव्हते. शाळा पुढच्या रस्त्याला, कॉलेज तर दुसऱ्याच गावात. लहानपणी तू मला त्या गल्लीत येऊ द्यायची नाहीस. "तिकडे कुत्री खेचतात, पडशील," म्हणायचीस.

तर, मागचं दार, मग कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, मग इस्त्रीवाला, आणि त्याच्यापुढे अंडीवाल्या बाईंचं खोपटं. इथवर उशी लंगडत होती. खोपटं दिसल्याबरोबर तिने मान वर केली, पाय जागच्या जागी रोवले, शेपटी सरळ केली. आत्या, रिंगमध्ये ती इतकी छान कधी उभी राहिली नव्हती.

"आली का माझी महाराणी!" बाई आतून म्हणाल्या. "आज मामा नाहीत वाटतं? तू गं कोण?"

मी सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे तू ती पुतणी होय! बरीच की झालीस." आणि बोलता बोलता उकडलेलं अंडं सोललं, चिमूटभर मीठ लावलं, उशीच्या तोंडात दिलं. मी हात पुढे करेपर्यंत गिळूनही झालं.

"मावशी, मीठ कशाला?"

"अगं, तुमच्या कुत्रीला मिठाशिवाय अंडं जात नाही. तुझ्या आत्यानेच सांगितलंय."

"कुत्र्यांना मीठ चांगलं नसतं. डॉक्टर म्हणतात."

"डॉक्टर आता आलेत. मी केव्हापासून घालतेय."

मला तिथेच कळायला हवं होतं. पण मी मनातल्या मनात अंड्याचं वजन करत होते.

पुढे बेकरीचं मागचं दार. उशी त्या पायरीसमोरही तशीच ऐटीत उभी राहिली. बेकरीवाले काका कोपरापर्यंत पिठाने माखलेले. त्यांनी आतून कागदाचा पुडा आणला. मी तो उघडला. पाव होता, कालचा, पण मऊ. चारी बाजूंनी कडा कापलेल्या.

मी विचारलं, "कडा कुठे गेल्या?"

"कडा मी ठेवून घेतो. तुमच्या एका कुत्रीला कडा चालायच्या नाहीत. घशात टोचतात म्हणे. तुझी आत्या सांगून गेली, तेव्हापासून कापूनच देतो."

"केव्हापासून?"

"तुझे बाबा दवाखान्यात होते ना, त्या वर्षापासून." त्यांनी हात पुसायला फडका घेतला. पीठ होतं तसंच राहिलं, तरी ते पुसत राहिले. "बरी आहे ना आता ती कुत्री?"

मी म्हटलं, "बरी आहे."

"अंगावर आली?"

"आली."

"मग झालं तर," म्हणाले आणि आत गेले.

पुडा मी हातातच धरला आणि घरी आले. आता उशी माझ्या पायावर डोकं ठेवून त्या पुड्याकडे बघते आहे.

मिरवणूकमामांना मी जाब विचारला. ते म्हणतात, "तू विचारलंस, मी घालतो का. मी नाही घालत. मी दोरीच्या या टोकाला असतो. ती थांबली की मी थांबतो." त्यांच्याशी भांडायला मला जमत नाही.

वहिनी, तुम्हाला वाटेल, गल्लीतले लोक कुत्रीला पाव घालतात, एवढंच तर निघालं. तसं समजा. आत्याला काही विचारू नका, ती उठून भांडी घासायला गेली तर जाऊ द्या.

आत्या, ती कुत्री कोणती, ते मी ओळखलं. पत्रात लिहीत नाही.

पण आता मी काय करू? इतके दिवस मला वाटत होतं की चोर सापडला की काम झालं. मी त्यांना 'बंद करा' म्हणणार कशी? कोणत्या तोंडाने? आणि नाही म्हटलं तर उशी गोदामवाल्याच्या फाटकाला. गल्ली बदलून बघितली. उशीने दोरी ताणून तोच दुखरा पाय रोवला आणि हलेचना, आणि इस्त्रीवाला लांबून ओरडला, "अहो, आज इकडून नाही का? वाट बघताहेत तिकडे!"

शो जवळ येतो आहे. मला काही सुचत नाही. या वेळी भांडी नंतर घास.

काडी


२५ मार्च

आत्या,

वहिनींचं पत्र आलं. चार पानी. मी ते दाण्यांच्या खोलीत, तिसऱ्या पोत्यावर बसून वाचलं. ते पोतं आता माझ्या वजनाने खचतं, हे तुला सांगायला हवं.

वहिनी लिहितात, 'अंगावर आली' इथपर्यंत वाचलं आणि तू म्हणालीस, "कुत्री नव्हती गं ती." आणि मग सगळं सांगितलंस. दादा जेवत होता, त्याचा हात ताटातच राहिला. तो तेव्हा बाहेरगावी काम शिकत होता, त्यालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. तुझा पगार आणि बाबांचा, दोन्ही औषधांत जायचे, हे मला अर्धवट माहीत होतं. बाकीचं नव्हतं. आणि कुत्र्यांची पोती उशाशी भरलेली! वहिनींनी तुझे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. "त्यांच्या पोत्याला हात लावला असता तर कोणाला कळलंही नसतं. पण ते मोजून आलेलं, त्यांच्या नावाचं. आणि पोरीसाठी मागायला जीभ रेटेना. कुत्र्यांसाठी मागायला काय लाज? मालकीणबाईंची कुत्री!"

यावर मी काय लिहू? तीन वेळा लिहून खोडलं. खोडलेलं वहिनींना दिसेल, दिसू दे.

मला जे समजत नव्हतं तेही तू सांगितलंस. मी शिकायला गेले, तरी पाव येतच राहिला. बंद करा म्हणायचं तर आता गरज नाही असं सांगावं लागलं असतं, आणि मग आधी कोणाला होती हा प्रश्न आला असता. म्हणून तू घेत राहिलीस आणि सगळ्या कुत्र्यांत वाटत राहिलीस. तू गेल्यावर ते सगळं संध्याकाळच्या फेरीत एकट्या उशीच्या पोटात जायला लागलं. म्हणजे मी इकडे खाणं कमी करत होते आणि तिकडे गल्ली भरत होती.

पण आत्या, बेकरीवाल्या काकांना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं तेव्हा ते उशीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. एवढी वर्षं कुठली कुत्री जगते? तेवढा हिशोब त्यांना येतो. ठाऊक असून त्यांनी कडा कापल्या, आणि तुला तसं कधी जाणवू दिलं नाही. हे तुला कळलं तर वाईट वाटेल की बरं, ते मला ठरवता येईना, म्हणून लिहून टाकलं.

वहिनींनी शेवटी दोन ओळी वेगळ्या शाईने लिहिल्या आहेत, तू मागाहून सांगितलेल्या. पहिली, "काडीला सांग, तराजू बरोबर होता." ही ओळ मी कितीदा वाचली ते सांगत नाही. दुसरी, "गल्लीला नाही म्हणू नकोस. पाव घे. खाणारं तोंड बदल."

मी तसंच केलं. दुसऱ्याच दिवशी. उशीची दोरी आखूड धरली, अंडीवाल्या बाईंसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मावशी, डॉक्टरांनी हिचं अंडं बंद केलंय. मला द्याल?" त्या म्हणाल्या, "आणि मीठ?" मी म्हटलं, "मीठ हवं." त्यांनी सोलून दिलं. उशीने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कोणाला ते अंडं खाताना पाहिलं. तिची नजर मी विसरू शकत नाही. तिच्यासाठी मी काकडीचे तुकडे नेले होते. ते तिने खाल्ले, पण उपकार केल्यासारखे.

मग बेकरीच्या पायरीशी आले. काका पुडा घेऊन आले. मी म्हटलं, "काका, आजपासून हा मी खाणार." ते पुडा घेऊन आत गेले आणि अख्खा पाव घेऊन आले. मग सुरी उचलली. म्हणाले, "कडा काढू, का ठेवू?"

मी म्हटलं, "ठेवा."

तिथेच पायरीवर बसून खाल्ला. कडांसकट. त्या टोचत नाहीत गं. भाजक्या लागतात. काकांनी आतून चहा पाठवला आणि स्वतः बाहेर आले नाहीत.

आता रोज असंच चालतं. उशीचा काटा खाली येतो आहे, आणि पाय टेकवायला लागली आहे. माझा काटा वर चालला आहे. स्वयंपाकीणबाई म्हणतात, "संध्याकाळी कुठे चरून येतेस?"

वहिनी, तुम्ही लिहिलंत की मुठीचं आणि हाताच्या पाठीचं वाचल्यावर आत्याने दादाच्या बरगड्या तपासल्या आणि "हा शोला चालणार नाही," असा निकाल दिला. माझ्याकडून दादाला सांगा, खाणं एकदम तोडायचं नसतं. हळूहळू उतरवायचं, आणि रोज चालवायचं.

काडी


२० एप्रिल

आत्या,

शो झाला. आधी उशीचं सांगते, कारण तू 'पुढे वाच' म्हणशील.

उशी कुठेही जात नाही.

शोच्या चार दिवस आधी डॉक्टर आले. उशीला काट्यावर उभं केलं, पण काट्याकडे नंतर पाहिलं. आधी डोळे मिटून दोन्ही हात बरगड्यांवरून फिरवले. मग स्वतःच्या हाताच्या पाठीवर बोट फिरवून बघितलं. मी दोरी धरून उभी. "उतरवा रिंगमध्ये," म्हणाले. मी मालकीणबाईंकडे धावत गेले आणि दारातच चप्पल सुटली.

रिंगमध्ये दोरी मी धरली. बाबांची जागा. घामाने दोरी सटकत होती. उशी मात्र एकदम तयारीत, कारण कडेला एका बाईच्या पिशवीत पाव होता. ती त्या पिशवीकडे तोंड करून अशी उभी राहिली की काही विचारू नकोस. परीक्षकांनी तिच्या पाठीवरून हात नेला, कमरेशी थांबवला आणि मान हलवली. पहिला नंबर एका तुकतुकीत, जराशा भरलेल्या कुत्रीला गेला. गादीसारखं चालत नाही, पण थोडं भरलेलं कुत्रं अजूनही रिंगमध्ये डोळ्यांत भरतं, त्याला इलाज नाही. उशीला तिसरा. मला फार वाईट वाटलं नाही. तिसऱ्या नंबरची कुत्री चारही पाय टेकवून घरी आली.

परत आल्यावर मालकीणबाई अंगणात आल्या. आत्या, त्या खाली वाकल्या आणि त्यांनी उशीला हात लावला. नीट, बरगड्यांपाशी. मग म्हणाल्या, "गोदामवाल्याला सांगा, दुसरं बघ म्हणावं." आणि मला म्हणाल्या, "हिला उतरवायला काय केलंस?" मी म्हटलं, "आत्याने सांगितलं तसं केलं." त्या म्हणाल्या, "मग तिला बोलाव की. किती दिवस रुसून राहणार?" तू रुसलेली नव्हतीस हे मी त्यांना सांगितलं नाही. तुझ्या आणि माझ्यामधलं ते त्यांना कशाला?

गल्लीत तिसऱ्या नंबरची फीत दाखवायला नेली. अंडीवाल्या बाईंनी ती उशीऐवजी माझ्याच गळ्यात घातली. बेकरीवाले काका म्हणाले, "दोघी एकदमच मोठ्या झाल्या." तुझी चौकशी करत होते. तुला डाव्या कानाने कमी ऐकू येतं ते त्यांनाही माहीत आहे.

आता माझं. मी काट्यावर उभी राहिले. आकडा लिहीत नाही, वहिनी मोठ्याने वाचतील. एवढंच सांगते, काडी हे नाव आता फार दिवस चालणार नाही. पण काट्याचं मी किती ऐकायचं? हात फिरवल्याशिवाय खरं कळत नाही.

म्हणून ये. वहिनी, तुम्ही आणि दादा तिला आणून सोडा, किंवा तुम्हीही राहा. टोपी मी शोधून ठेवली आहे, कडेला उंदराने कुरतडली आहे पण डोक्यावर बसते. व्हरांडा झाडून घेते. सगळी कुत्री ओळीने उभी करते, उशीला सगळ्यांच्या शेवटी, आणि तिच्या शेजारी मी उभी राहते.

तू आलीस की दात दाखवीन. या वेळी तू हसायचं.

काडी